दिल्लीच्या वाटेनें आलेलें रेवेचें गाणें

इ. स. २००० सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा एक पुतण्या पुण्याहून धुळ्यास घरीं आला, तेव्हां त्याच्या पेटींत कपड्यांपेक्षां कॅसेटीच अधिक निघाल्या. मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अभ्यासांत बरा, वागण्यांत सालस. परंतु दिवेलागणीच्या सुमारास माडीवर जाऊन तो जें कांहीं लावून बसे, त्यानें घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचें डोकें उठत असे. ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत अशा वाचकांस हें विस्तारानें सांगावयास नको. आमच्या आत्याबाई त्या वेळीं सत्तरीच्या पुढें गेलेल्या होत्या. सोंवळें-ओंवळें त्यांनीं वयाबरोबर बरेंच सैल केलें होतें, पण कानांचें सोंवळें मात्र कडक होतें. ओसरीवर तांदूळ निवडतां निवडतां "अरे, तें भूत उतरव खालीं" अशी त्यांची हांक दिवसांतून दोन वेळां तरी माडीवर जाई.

एके दिवशीं ती हांक गेली नाहीं. आम्हीं वर्तमानपत्रांतून मान वर करून पाहिलें, तों आत्याबाईंचा हात ताटांतच थांबलेला. वरून गिटारचे सूर येत होते, त्यांमागून कसलातरी ठेका, आणि त्यावर पुरुषी आवाजांत कोणी रेवामाईचें नांव घेत होतें.

"रेवा म्हणाला का रे तो?" त्यांनीं विचारलें.

"हो, आत्याआजी. नर्मदेचंच गाणं आहे," वरून उत्तर आलें.

"मग दार लावून काय बसलास? उघड तें. आणि पहिल्यापासून लाव."

त्या दिवशीं तें गाणें आमच्या घरांत चार वेळां वाजलें. चौथ्या वेळेस आत्याबाईंनीं आपला अभिप्राय दिला: "शब्द गोड आहेत, सूरही लागलेला आहे. पण मधें मधें इतकं बडवतात कशाला?"

ती कॅसेट म्हणजे 'इंडियन ओशन' या दिल्लीच्या वाद्यवृंदाचा 'कंदीसा' नांवाचा गीतसंच. टाइम्स म्युझिक या कंपनीनें तो त्याच वर्षीं मार्च महिन्यांत बाजारांत आणिला होता. आंत रचना अवघ्या सात, आणि त्यांतील 'मा रेवा' ही आत्याबाईंचा हात थांबविणारी.

आमच्या ज्या वाचकांच्या कानांवरून हा प्रकार गेलेला नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. विजेच्या गिटारी, पायानें व काठ्यांनीं वाजविण्याचा ढोलांचा संच, आणि मोकळ्या गळ्याचें गाणें, अशा साहित्यावर अमेरिकेंत १९५० नंतरच्या काळांत जें संगीत वाढलें, त्यास रॉक म्हणतात. तें पुढें मोठ्या कंपन्यांचें दुभतें जनावर झालें. तेव्हां कंपन्यांच्या गोठ्याबाहेर राहून, लहान जागीं, थोडक्या पैशांत, आपल्या मनासारखें गाणाऱ्या तरुणांचा एक वेगळा पंथ निघाला. त्यास तिकडे 'ऑल्टर्नेटिव्ह', म्हणजे पर्यायी, असें नांव पडलें. १९९१ च्या सप्टेंबरांत 'निर्वाणा' या अमेरिकन मंडळींचा 'नेव्हरमाइंड' हा गीतसंच निघाला व तो इतका खपला, कीं पर्यायी म्हणविणारा पंथच बाजाराचा राजमार्ग होऊन बसला. निर्वाण हा शब्द आमचा, आणि तो त्यांच्या हातीं कशा अवस्थेंत सांपडला हें पाहून आम्हांस थोडें हसूं आलें. पण तो विषय वेगळा.

आमच्या देशांत त्या काळीं इंग्रजी रॉकची हुबेहूब नक्कल करणारीं मंडळें मोठ्या शहरांतून पुष्कळ होतीं. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनीं १९९० सालीं दिल्लींत जो वाद्यवृंद उभा केला, त्यानें नकलेची वाट धरिली नाहीं. सुस्मित सेन यांची गिटार रागांच्या वळणानें चाले. असीम चक्रवर्ती तबला वाजवीत आणि तो वाजवीत असतांच गात. हें काम किती कठीण आहे, तें ज्यानें साधी ठुमरी म्हणतांना हातानें ठेका धरून पाहिला असेल त्यानें सांगावें. १९९१ मध्यें राहुल राम हे त्यांना मिळाले. त्यांच्या हातीं खर्जाची गिटार. ढोलांचा संच वाजविणारे अमित किलम १९९४ मध्यें आले. या किलमांजवळ गबगुबी नांवाचें बंगालच्या बाउल साधूंचें एक वाद्यही असे. आमच्याकडील गोंधळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं चौंडकें डोळ्यांसमोर आणावें. कातड्यांतून ओढून घेतलेली तार ताणून छेडावयाची, म्हणजे तीच घुमते व तीच बोलते.

या मंडळींस कंपन्यांनीं डोक्यावर घेतलें असें नाहीं. पहिला गीतसंच १९९३ मध्यें एच.एम.व्ही.नें काढिला. दुसरा, 'डेझर्ट रेन', १९९७ चा. तो एखाद्या बंद ध्वनिगृहांत मुद्रित झालेला नसून सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ दिल्लींत दरसाल १ जानेवारीस जो मेळावा होतो, त्यांतील उघड्या मैफलीचें तें मुद्रण होतें. करोलबागेंत खजूर रोडवरील १६/३३० क्रमांकाच्या जुन्या बंगल्यांत त्यांची तालीम वर्षानुवर्षें चाले. एक रचना बसावयास कित्येक महिने लागत. ती अनेक मैफलींतून फिरून, लोकांसमोर घांसून पुसून, मगच मुद्रणास जाई. आमच्या जुन्या नाटकमंडळ्या पद असेंच बसवीत असत. आज यंत्रावर तुकडे जोडून गाणें उभें करण्याच्या दिवसांत ही सावकाशी आम्हांस मोलाची वाटते.

'कंदीसा' हें ज्या रचनेवरून नांव पडलें, ती केरळांतील सिरियन ख्रिस्ती लोकांची एक प्राचीन प्रार्थना आहे. तिची भाषा सिरियाक, म्हणजे येशू ख्रिस्त ज्या कुळांतील बोली बोलत असे तींपैकीं एक. त्या शब्दाचा अर्थ पवित्र. शब्दार्थ ठाऊक नसतां उच्चार शतकानुशतकें जतन करण्याची रीत आम्हां वेदपाठाच्या परंपरेंतल्या लोकांस नवी नाहीं, म्हणूनच कीं काय, आमच्या घरांत दुसऱ्या क्रमांकाची मतें या प्रार्थनेस पडलीं. 'हिल्ले ले' ही भोजपुरी कवि गोरख पांडेय यांची रचना. ती दुनियेला गदगदां हलवूं पाहते आणि आमच्या पुतण्यास सर्वांत प्रिय होती. वयाचा गुण, दुसरें काय! 'खजुराहो' आणि 'लीव्हिंग होम' यांत शब्दांपेक्षां वाद्यांचाच कारभार अधिक. पण आम्हांस येथें बोलावयाचें आहे तें 'मा रेवा'विषयीं. कारण त्या गाण्याची वाट आमच्या अंगणावरून गेली होती, आणि ती आमच्या लक्षांत आली नव्हती.

राहुल राम हे गृहस्थ शिक्षणानें रसायनशास्त्रज्ञ. कानपूरच्या आय.आय.टी.ची पदवी घेऊन ते अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत गेले व पर्यावरणांतील विषारी द्रव्यांचा अभ्यास करून तेथील डॉक्टरेट त्यांनीं मिळविली. अशा मनुष्यानें परत आल्यावर कोठें नोकरी धरावी हें आमच्यासारख्या कुटुंबांतील कोणीही सांगितलें असतें. ते १९९० मध्यें नर्मदेच्या खोऱ्यांत गेले, आणि १९९५ पर्यंत नर्मदा बचाव आंदोलनाचें काम करीत राहिले. 'मा रेवा' हें त्या खोऱ्यांतील पारंपरिक गीत. तेथें तें लोकांच्या तोंडीं होतें, तेथून तें दिल्लीस गेलें.

आतां खोरें म्हटलें कीं वाचकांस मध्यप्रदेश वा गुजराथ आठवतो. परंतु त्या काळीं त्या नदीच्या दक्षिण तीराचा एक तुकडा आमच्याच धुळें जिल्ह्यांत होता. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांच्या पलीकडील सरहद्द म्हणजे नर्मदेचें पात्र. १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला तोंपर्यंत या पहाडांतील माणसाचें कोर्ट, कचेरी आणि कलेक्टर हीं सगळीं धुळ्यासच होतीं. गुजराथेंत नवागाम येथें सरदार सरोवराचें जें धरण बांधावयाचें ठरलें, त्याच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतील तेहतीस गांवें येत होतीं, तीं सर्व या दोन तालुक्यांतलीं. १९७९ च्या लवादाच्या निवाड्यानें नदीच्या २ कोटि ८० लक्ष एकर-फूट पाण्यांतून महाराष्ट्राच्या वांट्यास आलें अडीच लक्ष. विजेंतला वांटा मात्र शेंकडा २७. या तेहतीसांत पहिलें गांव मणिबेली. १९९१ च्या पावसाळ्यांत तेथें प्रथम सत्याग्रह झाला. त्यापुढील दोन पावसाळ्यांतही झाला. नदीचें पाणी घरांत शिरलें तरी उठावयाचें नाहीं, अशी ती प्रतिज्ञा होती.

नर्मदा आमच्या घरांत परकी नव्हती. सकाळीं स्नानाच्या वेळीं सात नद्यांचीं नांवें घेतल्यावांचून डोक्यावर तांब्या ओतावयाचा नाहीं, ही रीत आमच्या लहानपणापर्यंत होती, आणि त्या सातांत ती आहेच. आमच्या आजोबांचे एक स्नेही पायीं परिक्रमा करून आले होते. ते आले म्हणजे आम्ही मुलें त्यांच्याभोंवतीं जमत असूं, आणि प्रत्येक वेळीं एकच गोष्ट मागत असूं: शूलपाणीच्या झाडीची. नदीच्या दोन्ही तीरांवर पहाडांत पसरलेलें हें निबिड रान. तेथें परिक्रमावासीयांस भिल्ल गांठतात, आणि घोंगडी, भांडें, शिधा, फार काय अंगावरचें वस्त्रही उतरून घेतात. लंगोटी तेवढी राखितात. लुटला गेलेला मनुष्य रागावत नाहीं. मैयाचीच आज्ञा म्हणून पुढें चालूं लागतो, व झाडी ओलांडली कीं पुढच्या गांवचे लोक त्यास कपडे देतात. गोनीदांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीमुळें परिक्रमेचें हें जग पुष्कळ मराठी घरांत पोंचलें. आमच्या घरीं तें त्या स्नेह्यांच्या तोंडून आलें.

या गोष्टींत भिल्ल नेहमीं झाडामागून येत आणि लूट घेऊन झाडांमागें जात. त्यांस घर असे, शेत असे, लेंकरें असत, किंवा संध्याकाळीं तेही कांहीं गात असतील, हें त्या गोष्टींत कधीं आलें नाहीं, आणि आम्हींही विचारलें नाहीं. हे लोक धुळें जिल्ह्याचे रहिवासी आहेत, म्हणजे आमच्याच कलेक्टरची प्रजा आहेत, हें तर आम्हांस फार पुढें उमगलें.

तें उमगण्याचा प्रसंग लिहितांना संकोच वाटतो, पण लेखास हात घातला आहे तर तो टाळतां येणार नाहीं. १९९१ पासूनचीं तीन-चार वर्षें पहाडांतील स्त्री-पुरुष मधून मधून धुळ्यास येत. उघड्या पायांनीं, खांद्यावर फडकें, हातांत काठी, अशी ओळ रस्त्यानें कचेरीकडे जाई. त्या घोषणा देत, आणि चालतां चालतां गात. आमचें घर त्या रस्त्यापासून दूर नव्हतें. एका दुपारीं गाण्याचा आवाज वाढला, तेव्हां घरांत कोणाची तरी परीक्षा जवळ आली होती, म्हणून आम्हीं उठून रस्त्याकडील खिडक्या लावून घेतल्या. खिडकी लावतांना खालून गेलेली एक म्हातारी आमच्याकडे पाहत गेली. तिच्या नजरेंत राग नव्हता. खिडक्या लागतातच, हें तिला ठाऊक असावें. ज्यासाठीं ती आली होती तें आम्हीं दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळींत वाचलें. १९९३ च्या नोव्हेंबरांत चिंचखेडी येथें पोलिसांच्या गोळीनें रेहमल पुन्या वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा मेला, ती बातमीही आम्हीं अशीच वाचली, आणि पान उलटलें.

आणि सात वर्षांनीं त्याच खिडक्या उघड्या टाकून आम्ही त्याच खोऱ्यांतलें गाणें चार-चार वेळां ऐकत होतों. कारण तें आतां दिल्लीहून, गिटारीच्या साथीनें, दहा गुंडाळ्या कागदाच्या वेष्टनांतून आलें होतें! यांत गाणाऱ्यांचा कांहीं दोष नाहीं. कान आमचे, त्यांस कोणत्या दारानें आलेलें गोड लागतें, हा प्रश्नही आमचा.

नदीकांठचें गाणें कॅसेटींत आलें म्हणजे त्याचें काय होतें, हें थोडें पाहण्यासारखें आहे. कांठावर त्यास आरंभ व शेवट नसतो. एकानें उचलावें, बाकीच्यांनीं झेलावें, ज्यास जें सुचेल तें कडवें घालावें, आणि दम संपला म्हणजे थांबावें. त्यास साथ असली तर एखादी ढोलकी, झांज. नसली तर पाण्याचा आवाज. ध्वनिगृहांत प्रत्येक वाद्यास आपला भाग लागतो, शब्द ठरवून घ्यावे लागतात, कोणतें कडवें ठेवावयाचें याची निवड करावी लागते. 'मा रेवा'त सुस्मित सेनांची गिटार जेथें एकटी चालते, तेथें आम्हांस पाण्यावरून नाव सरकल्याचा भास होतो; ढोलांचा संच सर्व शक्तीनें उतरतो तेथें नाव दिसेनाशी होते. आत्याबाईंच्या "बडवतात कशाला" यांत म्हणूनच तथ्य आहे. पण तें बडवणें नसतें तर आमचा पुतण्या तें ऐकता ना, आणि तो न ऐकता तर आत्याबाईंच्या कानांवर तें कोणत्या वाटेनें येतें? चित्रपटांतील गाण्यास नट, नटी आणि जाहिरात यांचें वाहन असतें. या सात रचनांस त्यांतलें कांहींच नव्हतें. लांबीही चित्रपटगीताच्या मापांत न बसणारी. त्या फिरल्या त्या कॉलेजांच्या संमेलनांतून, वसतिगृहांतून, एका कॅसेटीवरून दुसरीवर उतरून घेतलेल्या प्रतींतून. आमच्या पुतण्याची प्रत मात्र विकत घेतलेली होती, हें त्याच्या वतीनें नमूद करतों.

येथें नांवाचा प्रश्न उभा राहतो. खान्देशांत तोंडचें दुसऱ्यानें टिपून घेतल्याचीं उदाहरणें थोडथोडकीं नाहींत. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनीं तें जसेंच्या तसें उतरून घेतलें. त्याचें पुस्तक आज घरोघरीं आहे, आणि त्यावर बोलणाराचें नांव आहे. जळगांवाजवळ आसोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत त्या रचीत, आणि मुलगा सोपानदेव व घरचीं माणसें तें उतरून घेत. १९५१ मध्यें त्या वारल्या. १९५२ मध्यें अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाण्यांचें पुस्तक निघालें आणि महाराष्ट्र थक्क झाला. पुस्तकावर नांव बहिणाबाईंचें. २०१८ पासून जळगांवच्या विद्यापीठासही तेंच नांव आहे. याउलट 'मा रेवा' पारंपरिक. असें गीत कायद्यानें कोणाचेंच नसतें, म्हणजे सर्वांचें असतें. तें प्रथम कोणत्या बाईनें वा बोवानें म्हटलें हें आतां कळण्याजोगें नाहीं. त्यास उपायही नाहीं. परंतु बहिणाबाईंस लिहिता मुलगा नसता, तर त्यांचीं गाणीं आसोद्याच्या आसपास चार पिढ्या फिरून पारंपरिकच ठरलीं असतीं, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

आमच्या धुळ्यास जतन करण्याचें वेड जुनें आहे. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव पायीं हिंडून दप्तरें गोळा करीत. त्यांचा देह येथेंच १९२६ च्या अखेरच्या दिवशीं पडला, आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. शंकरराव देवांनीं मठामठांतून हस्तलिखितें मिळवून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर भरलें. समर्थांच्या हातचें वाल्मीकि रामायण तेथें आहे. या कपाटांसमोर उभें राहिलें म्हणजे अभिमान वाटतो, आणि 'मा रेवा' ऐकल्यापासून त्याबरोबर एक शंकाही येते. आम्हीं कागद जपले. ज्यांच्याजवळ कागदच नव्हता त्यांच्या कंठांतलें टिपून घ्यावें, असें आमच्या पिढीच्या, निदान आमच्या घरच्या, मनांत कधीं आलें नाहीं; आणि त्या कंठांचीं गांवें तर दरवर्षीं पाण्याखालीं जात होतीं.

आणखी एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. 'मा रेवा'ची बोली नेमाडी वळणाची आहे. ती आत्याबाईंस कळली, कारण ती आमच्या बोलीची दूरची कां होईना बहीण लागते, आणि तिच्यांतली भक्ति आमच्या ओळखीची आहे. अक्राणीच्या डोंगरांत जी पावरी वा भिलोरी बोलतात, तिच्यांतलें गाणें त्या कॅसेटींत नाहीं. काठीच्या राजवाडी होळीस रात्रभर जे भलेमोठे ढोल घुमतात, ते ज्यांनीं ऐकले आहेत त्यांस अमित किलमांचा संच फार सौम्य वाटेल. तेव्हां दिल्लीच्या वाटेनें आलें तेंही खोऱ्यांतलें एकच, आणि आमच्या कानास सोपें पडणारें. ज्या म्हातारीवर आम्हीं खिडकी लावली, ती काय गात होती, तें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं.

त्या वर्षाच्या मार्चांत गीतसंच आला, आणि १८ ऑक्टोबर २००० रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांच्या मतानें धरण टप्प्याटप्प्यानें वाढविण्यास परवानगी मिळाली. न्यायमूर्ति भरूचा यांनीं वेगळें मत नोंदविलें. धरणाचा दुसरा पक्षही आम्ही विसरत नाहीं. कच्छ-सौराष्ट्रांत पाण्यावांचून काय होतें तें दुष्काळ पाहिलेल्या खान्देशी माणसास शिकवावयास नको. आणि तापीवरील उकाईचें धरण १९७२ मध्यें पुरें झालें, तेव्हां आमच्याच नवापुराकडील गांवें पाण्याखालीं गेलीं होतीं व त्याबद्दल शहरांत कोणी फारसें बोललेंही नव्हतें. धरण असावें कीं नसावें हा निवाडा या लेखाचा नव्हे. ज्यांचें गेलें, त्यांस जमीन वेळेवर व जमिनीसारखी मिळाली काय, एवढेंच विचारावेंसें वाटतें, आणि त्याचें उत्तर पहाडांतून येणारा कोणीही मनुष्य देऊं शकतो.

आत्याबाईंनीं त्या दिवशीं चौथ्यांदा गाणें ऐकून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारला होता. तरुणपणीं त्या यजमानांबरोबर गरुडेश्वरास टेंबेस्वामींच्या समाधीच्या दर्शनास गेल्या होत्या, आणि तेथून वर शूलपाणीश्वराचेंही दर्शन घेऊन आल्या होत्या. मणिबेलीजवळचें तें जुनें देऊळ त्यांस पायऱ्यांसकट आठवत होतें. त्या पुतण्यास म्हणाल्या, "गाणं म्हणणारे तिकडं राहून आलेत म्हणतोस. मग शूलपाणीच्या देवळाचं काय झालं, तें आहे का लिहिलेलं त्या कागदावर?"

कागदावर तें नव्हतें. तें देऊळ १९९४ मध्येंच पाण्याखालीं गेलें होतें. गोऱ्याकडे नवें बांधिलें आहे, असें आम्हीं सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुतण्या पुण्यास परत निघाला तेव्हां त्यांनीं ती कॅसेट त्याच्याकडून मागून घेतली, आणि देवघराशेजारच्या फडताळांत, स्तोत्रांच्या पुस्तकांशेजारीं ठेविली. एकादशीच्या दुपारीं आम्ही ती लावून देत असूं. 'मा रेवा' संपलें कीं बंद करावयाची, पुढचें भूत नको, अशी ताकीद होती. वाजवून वाजवून शेवटीं त्या ठिकाणीं फीत ताणली जाऊन गायकाचा आवाज रडका झाला, तरी त्यांस नवी प्रत नको होती.

पुढें या वाद्यवृंदाचें नांव बरेंच मोठें झालें. 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाच्या संगीतामुळें ते जे कॅसेटी विकत घेत नाहींत अशांसही माहीत झाले. असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजीं वारले. तबला आणि गळा एकाच मनुष्याचा गेल्यावर मंडळींस दोन माणसें नवीं घ्यावीं लागलीं. २०१० मध्यें त्यांनीं तालमीच्या बंगल्याचा पत्ता हेंच नांव ठेवून पुढला गीतसंच काढिला, आणि त्यांतील गाणीं महिन्यास एक याप्रमाणें इंटरनेटवर फुकट वांटलीं. त्याच वर्षीं जयदीप वर्मा यांचा 'लीव्हिंग होम' हा त्यांच्यावरील माहितीपट आला व त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. सुस्मित सेन २०१३ मध्यें बाहेर पडले. 'कंदीसा'तल्या चौघांपैकीं आतां दोघेच त्या नांवानें वाजवितात.

धरण पुरें होऊन १७ सप्टेंबर २०१७ रोजीं त्याचें लोकार्पण झालें, आणि २०१९ च्या पावसाळ्यांत तें प्रथमच १३८.६८ मीटरच्या पुऱ्या उंचीपर्यंत भरलें. आत्याबाई तें पाहावयास नव्हत्या. दक्षिण तीरानें जाणारी परिक्रमेची जुनी वाट पुष्कळ ठिकाणीं पाण्यांत गेली आहे. त्यामुळें बहुतेक परिक्रमावासी आतां बडवाणीहून खाली उतरून खेतिया, शहादें, प्रकाशें, तळोदें, अक्कलकुवा अशा फेऱ्यानें जातात. म्हणजे नर्मदेची परिक्रमा करणारे लोक कित्येक दिवस तापीच्या खोऱ्यांतून, आमच्या कापसाच्या शेतांमधून चालतात. त्यांस कोणी लुटीत नाहीं. गांवोगांव लोक चहा व भाकर देतात.

दोन हिवाळ्यांपूर्वीं आम्ही जळगांवाहून एका लग्नास शहाद्यास चाललों असतां रस्त्याच्या कडेस झाडाखालीं असे तिघे बसलेले दिसले. आम्हीं गाडी थांबविली. त्यांतला एक तरुण मुलगा, बहुधा पुण्या-मुंबईकडचा, पाय चेपीत बसला होता, आणि त्याच्या मोबाइलवर तें गाणें चाललें होतें. कोठलें गाणें तें, असें आम्हीं मुद्दाम विचारलें.

"यूट्यूबवरचं आहे, काका," तो म्हणाला. "चालतांना बरं वाटतं."

आम्हीं थर्मासमधला चहा तिघांस दिला, आणि गाणें संपेपर्यंत उभे राहिलों.